निवडक आणि समग्र

मराठी ग्रंथव्यवहारात 'निवडक' आणि 'समग्र' हे दोन शब्द वाचकांच्या चांगल्या परिचयाचे आहेत. लेखक हयात असताना किंवा नुकताच निवर्तला असताना त्याचे 'निवडक' निघते. पुष्कळ वर्षांनी एखाद्या संस्थेने मनावर घेतलेच, तर 'समग्र' निघते. निवडक विकले जाते; समग्र ग्रंथालयाच्या कपाटात धूळ खात पडते. या दोहोंपैकी लेखकाला न्याय कोणते देते, हा प्रश्न आपण सहसा विचारीत नाही. चांगले ते ठेवले, सुमार ते वगळले, यात कोणाचे काय बिघडले, अशीच आपली समजूत असते.

ही समजूत तपासून पाहावी असे आम्हांला वाटू लागले ते एखाद्या पुस्तकामुळे नव्हे, तर गाण्यांच्या दोन संग्रहांमुळे. आणि तेही अशा गाण्यांच्या, की ज्यांचे नाव या पृष्ठांवर पाहून काही वाचकांच्या भुवया उंचावतील. जहाजावर नोकरी करणाऱ्या एका तरुणाने न्यूयॉर्कच्या 'रमोन्स' या पंक बँडचे हे दोन संग्रह आमच्या हाती दिले आणि यांना थोर म्हणावे की नाही, असा प्रश्न टाकला. (आपल्याकडे बँड म्हटला की लग्नाची वरात डोळ्यांपुढे येते. तो अर्थ येथे सोडून द्यावा.)

'पंक' या इंग्रजी शब्दाचा अर्थ टाकाऊ, वाह्यात असा. १९७० नंतरच्या रॉक संगीतात एकेक गाणे दहा-दहा, वीस-वीस मिनिटे चालू लागले होते. गिटारवादक आपले नैपुण्य मिरवीत राही आणि श्रोत्याने ते भक्तिभावाने पाहावे अशी अपेक्षा असे. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातील फॉरेस्ट हिल्स या वस्तीतल्या चार तरुणांनी १९७४ साली या साऱ्याकडे पाठ फिरवली. ते एकमेकांचे भाऊ नव्हते. परंतु चौघांनीही 'रमोन' हे एकच आडनाव धारण केले. जोई गायचा, जॉनी गिटार वाजवायचा, डी डी बेस गिटार आणि टॉमी ड्रम. धर्मसंघात प्रवेश करताना नवे नाव घेण्याची रीत आठवून आम्हांला थोडी मौज वाटली. चामड्याचे जाकीट, गुडघ्यावर फाटलेली जीन्स, मोजके स्वरमेळ, दोन मिनिटांचे गाणे आणि ते संपते न संपते तोच पुढचे गाणे, असा त्यांचा खाक्या होता. १९७६ च्या त्यांच्या पहिल्या रेकॉर्डवर १४ गाणी आहेत आणि ती सगळी मिळून अर्धा तासही भरत नाही. त्या रेकॉर्डला सुमारे ६,४०० डॉलर खर्च आला होता. गाण्यांचे विषय पोरकट, कधी विनोदी, तर कधी ओंगळ. गोंद हुंगण्याची आणि नाझींची थट्टा जिथे चालते, तिथे आम्ही त्यांची वकिली करणार नाही. तथापि त्या अर्ध्या तासात एक जोम आहे, आणि त्यात ढोंग शोधूनही सापडत नाही.

पुढे २२ वर्षे त्यांनी तेच केले. एकूण २,२६३ कार्यक्रम, १४ रेकॉर्डी, पावणेदोनशेच्या आसपास गाणी. त्यांच्यापासून स्फूर्ती घेतलेल्या कित्येकांनी अमाप पैसा केला. यांची स्वतःची एकही रेकॉर्ड अमेरिकेतील विक्रीच्या यादीत पहिल्या ४० मध्ये पोहोचली नाही. १९८० साली फिल स्पेक्टर या नामवंत निर्मात्याला बोलावून त्यांनी मोठ्या यशाचा प्रयत्न करून पाहिला, तेव्हा मजल ४४ व्या क्रमांकापर्यंत गेली. टॉमी १९७८ मध्ये ड्रम सोडून उठला, डी डी १९८९ मध्ये निघून गेला, ड्रमवर माणसे येत-जात राहिली. जोईची मैत्रीण पुढे जॉनीची पत्नी झाली. तेव्हापासून ते दोघे वर्षानुवर्षे एकमेकांशी बोलत नव्हते, आणि तरी एकाच गाडीतून गावोगाव हिंडत होते. ६ ऑगस्ट १९९६ रोजी लॉस एंजेलिसमध्ये शेवटचा कार्यक्रम झाला.

आता संग्रहांकडे वळू. पहिला, 'रमोन्स मेनिया', १९८८ चा. त्यात ३० गाणी आहेत आणि ती काळाच्या क्रमाने लावलेली नाहीत. आरंभीच १९७८ चे गाणे येते; ज्या गाण्याने त्यांची पहिली रेकॉर्ड सुरू झाली होती ते बरेच मागे गेले आहे; १९७७ च्या दोन गाण्यांच्या मधोमध १९८७ चे एक बसवले आहे. दुसरा संग्रह १९९९ चा, म्हणजे बँड विसर्जित झाल्यानंतरचा. त्याचे नाव त्यांच्या पहिल्या गाण्यातील आरोळीवरूनच घेतले आहे. दोन तबकड्या, ५८ गाणी, आणि क्रम आरंभापासून अखेरपर्यंत काळानुसार.

सेमिनरीत नीतिशास्त्र शिकताना एक जुने सूत्र आम्ही घोकले होते. कृती चांगली ठरण्यासाठी तिची सर्व अंगे चांगली असावी लागतात. ती वाईट ठरायला एक दोषही पुरतो. म्हणून कृतीचा विषय, कर्त्याचा हेतू आणि भोवतालची परिस्थिती, तिन्ही पाहायची. हे सूत्र एखाद्याच्या उभ्या आयुष्याला लावू गेले तर जगात कोणीच टिकणार नाही. ते सूत्र त्यासाठी नाहीच. आयुष्य ही एक कृती नव्हे. संग्रह मात्र एक कृती आहे, आणि तिचा कर्ता बँड नसून संकलक आहे. येथेच पुष्कळ समीक्षकांचा गोंधळ होतो. गाणी उत्तम आहेत, म्हणून संग्रह उत्तम, असा निवाडा देऊन ते मोकळे होतात. परंतु गाणी उत्तम असणे ही गाणाऱ्यांची पुण्याई. संकलकाने त्यात काय केले, हे अद्याप तपासायचेच असते.

संकलक नवे काही निर्माण करीत नाही. तो साक्ष देतो. एका दीर्घ आयुष्याबद्दल, ते न पाहिलेल्या माणसाला तो सांगतो की हे असे होते. साक्षीदाराने सारेच सांगावे असे न्यायालयही म्हणत नाही. निवड त्याला करावीच लागते आणि तेवढ्याने तो खोटा ठरत नाही. परंतु प्रत्येक वाक्य खरे असूनही प्रमाण बदलले की साक्ष खोटी होते, हे आपण अंत्यविधीच्या भाषणांत नेहमीच ऐकतो. 'मेलेल्या म्हशीला मणभर दूध' ही म्हण आपल्या पूर्वजांनी उगीच केली नाही. म्हैस दूध देत होती हे खरेच असते. प्रश्न मणाचा असतो.

या कसोटीवर १९९९ चा संग्रह वरवर पाहता अधिक प्रामाणिक वाटतो, कारण त्याने काळाचा क्रम पाळला आहे. परंतु त्याची पहिली तबकडी १९८० पर्यंतच पोहोचते, आणि उरलेली १५-१६ वर्षे दुसऱ्या तबकडीत बसवलेली आहेत. गुणवत्तेच्या दृष्टीने हे रास्त आहे. त्यांच्या पहिल्या चार रेकॉर्डींची सर पुढच्या रेकॉर्डींना नाही, हे आमच्या अप्रशिक्षित कानालाही कळले. परंतु आयुष्याच्या दृष्टीने? पहिल्या पाच-सहा वर्षांत त्यांच्याजवळ तारुण्य होते, नवलाई होती आणि उद्या यश येईल ही आशा होती. त्यानंतरची वर्षे या तिन्हींवाचून काढायची होती, आणि ती त्यांनी काढली, गावोगाव, रात्रीमागून रात्र. चिकाटी हे काही गाणे नव्हे. ते कोणत्याही तबकडीवर मुद्रित करता येत नाही. 'सर्वोत्तम' या निकषावर निवड करू लागलो की हातून पहिल्यांदा तेच निसटते.

उलट १९८८ च्या विस्कळीत संग्रहात एक वेगळेच सत्य सापडते. क्रम मोडल्यामुळे ऐकणाऱ्याला सालाचा पत्ता लागत नाही. दहा वर्षांच्या अंतरावरची गाणी शेजारी बसली आहेत आणि ती सख्ख्या भावंडांसारखी दिसतात. यातून या माणसांचे सातत्य जसे उमगते, तसे काळानुसार लावलेल्या संग्रहातून उमगत नाही. मात्र त्याच युक्तीने उतरणही झाकली जाते. श्रोता समजतो की हे लोक नेहमीच असे उंचीवर होते.

सातत्याचा गौरवही जपूनच करायला हवा. निष्ठा आणि हट्ट बाहेरून सारखेच दिसतात. रमोन्सनी मार्ग बदलला नाही हे खरे; परंतु १९८० मध्ये बदलून पाहिला आणि जमला नाही, हेही खरेच. जॉनीच्या लेखी बँड ही नोकरी होती आणि ती तो चोख बजावीत असे. त्यांच्या चिकाटीत निरुपायाचा अंश होता, असे आम्हांला वाटते. त्यामुळे ती कमी दर्जाची ठरते का? आपल्या ओळखीतल्या किती जणांची निष्ठा निरुपायाच्या आधारावाचून उभी आहे, हे ज्याने-त्याने पाहावे.

हेतू आणि परिस्थिती यांविषयी थोडेसेच. संग्रह विक्रीसाठी काढतात आणि त्यात पाप नाही. पण येथे एक गोष्ट मनाला लागते. अमेरिकेत पाच लाख प्रतींसाठी मिळणारा सुवर्णमान या बँडला त्याच्या हयातीत ज्या एकमेव रेकॉर्डसाठी लाभला, ती हीच, १९८८ च्या निवडक गाण्यांची. पेरणीची मजुरी कोणी दिली नाही. पाखडून सुपात घेतलेल्या दाण्यांना भाव आला. त्यांच्या पहिल्या रेकॉर्डला तोच मान ३० एप्रिल २०१४ रोजी मिळाला, ३८ वर्षांनी. तोवर जोई २००१ मध्ये, डी डी २००२ मध्ये आणि जॉनी २००४ मध्ये मरण पावले होते. उरला होता टॉमी. तो त्याच वर्षी ११ जुलैला गेला. आज त्यांचे गरुडाचे बोधचिन्ह छापलेले टी-शर्ट मुंबईच्या पदपथांवरही विकले जातात आणि ते घालणाऱ्या कित्येक मुलांनी त्यांचे एकही गाणे ऐकलेले नसते. निवडीची ही शेवटची पायरी असावी: ५८ गाणी, मग ३०, मग एक आरोळी, मग नुसते चित्र.

मग न्याय्य निवड कोणी करावी? कर्त्याने स्वतः? याचे एक थोर उदाहरण आमच्या परिचयाचे आहे. हिप्पोचा बिशप संत ऑगस्टीन याने इ.स. ४२७ च्या सुमारास, मृत्यूपूर्वी तीनेक वर्षे, आपले सारे ग्रंथ पुन्हा हाती घेतले. ते ९३ होते. लिहिले त्या क्रमाने एकेक तपासून, कुठे चुकलो, कुठे अधिक बोललो, कुठे अजूनही ठाम आहे, हे त्याने नोंदवले. सुरुवातीचे कच्चे ग्रंथ त्याने लपवले नाहीत. लेखक कसा पुढे सरकला हे वाचकाला दिसावे, हा त्याचा हेतू होता. शिखरे मोजण्यापेक्षा दिशा पाहणे, हा न्यायाचा निराळाच मार्ग आहे, आणि आमच्या मते तो अधिक खरा आहे.

गंमत अशी, की जॉनी रमोननेही काहीसे असेच करून ठेवले आहे. त्याचे आत्मचरित्र त्याच्या मृत्यूनंतर २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात त्याने आपल्या बँडच्या रेकॉर्डी एकामागून एक घेऊन शाळामास्तराने द्यावेत तसे प्रत्येकीला गुण दिले आहेत. कोणत्याही संग्रहाच्या वेष्टनावरील स्तुतीपेक्षा हे गुणपत्रक आम्हांला अधिक मोलाचे वाटते. ऑगस्टीनची आणि त्याची तुलना कोणी करू नये. पण आपल्या कामाकडे तिऱ्हाइतासारखे पाहण्याचे धैर्य दोघांतही आहे.

तरीही अडचण उरतेच. ऑगस्टीन एक होता. रमोन्स चार होते, आणि जॉनीचे गुण ते जॉनीचे. १९८५ च्या मे महिन्यात अमेरिकेचे अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी जर्मनीतील बिटबुर्ग येथील सैनिकी स्मशानभूमीला भेट दिली. तेथे वाफेन-एसएसचे ४९ सैनिकही पुरलेले आहेत. जोई ज्यू कुटुंबातला. त्याने डी डी व आणखी एका सहकाऱ्याबरोबर त्या भेटीचा धिक्कार करणारे गाणे रचले आणि शीर्षकात रेगन यांना त्यांच्या एका जुन्या चित्रपटातील चिंपांझीचे, बॉन्झोचे, नाव दिले. जॉनी रेगन यांचा निस्सीम चाहता. त्या वर्षी इंग्लंडात स्वतंत्रपणे निघालेले ते गाणे १९८६ च्या रेकॉर्डवर आले तेव्हा जॉनीच्या आग्रहावरून शीर्षक बदलले. मूळ नाव कंसात गेले. गाणे मात्र काढले नाही. पुढे दोन्ही संग्रहांत ते घेतले गेले, आणि बँडच्या उत्तरकाळातील उत्तम गाण्यांत त्याची गणना होते. ऐकणाऱ्याला त्यात एकट्या जोईचा संताप ऐकू येतो. नाव बदलायला लावणारा माणूसही त्याच तबकडीवर आहे, त्याच आडनावाने.