स्वतःच घातलेला नियम

काही आठवड्यांपूर्वी रविवारच्या दुसऱ्या मिस्सानंतर एक मुलगा आमच्या कार्यालयाच्या दाराशी घुटमळत उभा होता. दहावीत शिकणारा, वेदीसेवक म्हणून नियमित येणारा. आम्ही विचारले, "काय रे, बाप्तिस्म्याचा दाखला हवाय का?" तो म्हणाला, "नाही फादर. एक विचारायचं होतं. आपणच केलेला नियम आपणच मोडला, तर ते पाप होतं का?"

आम्हांला वाटले, उपवासकाळात चॉकलेट किंवा मोबाइल सोडण्याचा निश्चय केला असेल आणि तो मोडला असेल. पण प्रकरण निराळेच निघाले. त्याच्या मामाने आखातातून आणलेल्या एका जुन्या खेळयंत्रावर तो 'पोकेमॉन एमराल्ड' नावाचा खेळ खेळत होता. त्यात त्याचा एक कुत्र्यासारखा प्राणी होता. त्याचे नाव त्याने 'मोत्या' ठेवले होते. एका लढतीत मोत्या हरला. मुलाने स्वतःला घातलेल्या नियमाप्रमाणे मोत्या 'मेला' होता आणि त्याला सोडून द्यायला हवे होते. मुलाने यंत्र झटकन बंद केले, पुन्हा चालू केले आणि लढतीच्या आधीपासून खेळ सुरू केला. मोत्या जिवंत झाला. दोन मित्रही तोच नियम पाळून खेळत होते. त्यांना त्याने काही सांगितले नाही.

आम्ही हसलो. तो हसला नाही. मग आम्हांला आमच्या हसण्याची थोडी लाज वाटली, कारण त्याने विचारलेला प्रश्न खेळापेक्षा मोठा आहे. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना याच प्रश्नाने आम्हांला घाम फोडला होता.

या खेळांची ओळख ज्यांना नाही अशा वाचकांसाठी थोडे सांगायला हवे. यांना 'रोल-प्लेइंग गेम' म्हणतात, म्हणजे भूमिकेचे खेळ. खेळणारा एका पात्राचे सोंग घेतो, एका काल्पनिक जगात हिंडतो, लढतो, वस्तू गोळा करतो आणि हळूहळू बलवान होत जातो. पोकेमॉनमध्ये तऱ्हेतऱ्हेचे प्राणी पकडून त्यांना वाढवायचे असते. लढतीत प्राणी हरला तर तो फक्त मूर्च्छित होतो. गावोगावी दवाखाना असतो, तिथे तो फुकट बरा होतो. म्हणजे खेळ तसा दयाळू आहे.

पण 2010 साली निक फ्रँको नावाच्या एका अमेरिकन विद्यार्थ्याने 'पोकेमॉन रुबी' खेळताना स्वतःला दोन कडक नियम घातले. प्रत्येक भागात जो प्राणी पहिल्यांदा समोर येईल तेवढाच पकडायचा, आणि जो लढतीत पडेल तो मेला असे समजून कायमचा सोडायचा. पुढे प्रत्येक प्राण्याला नाव द्यायचे, अशीही रीत पडली. फ्रँकोने आपल्या खेळाची चित्रकथा काढली आणि ही पद्धत जगभर पसरली. तिला 'नझलॉक' म्हणतात. नझलीफ हा त्या खेळातला एक प्राणी, आणि लॉक हे एका दूरचित्रवाणी मालिकेतल्या पात्राचे आडनाव. त्या पात्राचे नाव मात्र जॉन लॉक या इंग्रज तत्त्वज्ञावरून ठेवलेले. तेव्हा तत्त्वज्ञान या खेळात नकळत आधीच शिरलेले आहे!

असे करणारे हेच एकटे नाहीत. 'फायनल फँटसी' या 1987 सालच्या जपानी खेळात सुरुवातीला चार योद्धे निवडायचे असतात. काहीजण मुद्दाम चारही 'पांढरे जादूगार' घेतात. हे बिचारे जखमा बऱ्या करण्यात हुशार, पण लढाईत दुबळे. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'मध्ये दोन पक्ष आहेत आणि खेळणाऱ्याने त्यांपैकी एक निवडावा अशी रचना आहे. एका खेळाडूने कोणताच पक्ष घ्यायचा नाही असे ठरवले. तो सुरुवातीच्या बेटावरच राहिला, वनस्पती खुडत आणि खनिजे खणत राहिला, आणि तेवढ्यावर 2014 साली त्या वेळच्या सर्वांत वरच्या, 90व्या पायरीवर पोहोचला. 'रुनस्केप' या ब्रिटिश खेळात लोक एकमेकांशी देवघेव करतात. तिथे काहींनी ठरवले की कोणाकडून काही घ्यायचे नाही, जे लागेल ते स्वतः मिळवायचे.

माणसे सोपी गोष्ट मुद्दाम अवघड का करतात? 1978 साली बर्नार्ड सूट्स या तत्त्वज्ञाने 'द ग्रासहॉपर' या पुस्तकात याचे सुंदर उत्तर दिले. गोल्फचा चेंडू भोकात टाकणे हाच हेतू असेल, तर चालत जाऊन हाताने टाकावा. पण तसे केले तर गोल्फ उरतच नाही. गरज नसलेला अडथळा आपण राजीखुशीने स्वीकारतो, कारण त्या अडथळ्यामुळेच खेळ खेळ होतो. म्हणजे नियम हा खेळाचा शत्रू नसून त्याची आई आहे. दवाखान्यात फुकट बरा होणारा प्राणी शंभरातला एक असतो. 'हा गेला तर परत येणार नाही' असे ठरवल्याबरोबर तो मोत्या होतो. मर्यादा आली म्हणून माया आली.

इथपर्यंत सोपे आहे. अवघड पुढे आहे. हा नियम मोडला तर अपराध कोणाचा होतो? 1651 सालच्या 'लेव्हायथन' या ग्रंथात थॉमस हॉब्जने म्हटले आहे की जो बांधू शकतो तो सोडवूही शकतो; म्हणून जो केवळ स्वतःशी बांधलेला आहे तो बांधलेलाच नाही. मी तुमचे शंभर रुपये देणे लागत असेन, तर माफ तुम्ही करायचे. पण मीच माझे देणे लागत असेन, तर मीच माफ करून मोकळा! हॉब्जच्या हिशोबाने आमचा मुलगा निर्दोष. इमॅन्युएल कांटलाही 1797 मध्ये हाच पेच दिसला होता. त्याचे उत्तर असे की माणूस एकाच अर्थाने एक नाही. इच्छा आणि भीती यांनी ओढला जाणारा एक, आणि विवेकाने स्वतःला नियम घालणारा स्वतंत्र असा दुसरा. बांधून घेणारा पहिला, बांधणारा दुसरा. म्हणून स्वतःविषयीचे कर्तव्य हे केवळ शब्दांचे खेळ नव्हेत.

हे आम्ही त्या मुलाला सांगितले नाही, तो पळून गेला असता! आम्ही फक्त विचारले, "यंत्र बंद केलंस तेव्हा नियम बदलायचा असं ठरवलं होतंस का?" तो म्हणाला, "नाही फादर. नियम तोच होता. फक्त त्या वेळी नको होता."

सगळे मर्म या उत्तरात आहे. नियम सोडून देणे आणि नियमाला चकवणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. एखाद्याने शांतपणे विचार करून म्हटले, 'हा नियम फार वेळ खातो, आजपासून मी तो पाळणार नाही,' तर तो मोकळा आहे. त्याने सर्वांदेखत कुंपण काढले. पण नियम जेव्हा टोचतो नेमके त्याच क्षणी त्याला बाजूला सारायचे, आणि नंतर तो पाळलाच असे मानून पुढे जायचे, यात आपण आरोपी, वकील आणि न्यायाधीश एकाच वेळी होतो. खटला एका क्षणात निकाली निघतो आणि निकाल नेहमी आपल्याच बाजूने लागतो.

मग ते पाप आहे का? इथे आपण जपून बोलले पाहिजे. ख्रिस्तसभा 'व्रत' आणि 'निश्चय' यांत भेद करते. व्रत हे देवाला विचारपूर्वक आणि स्वेच्छेने दिलेले वचन असते, ते पाळणे बंधनकारक असते. स्वतःशी केलेला साधा निश्चय हे व्रत नव्हे. तो मोडला म्हणून लगेच पाप घडत नाही. आम्ही त्या मुलाला हेच सांगितले. खेळातल्या मोत्याला वाचवणे हे पाप नाही. पण मित्रांना 'मी नियम पाळून जिंकलो' असे सांगितलेस तर ते खोटे बोलणे होईल, आणि खोटे बोलणे खेळापुरते राहत नाही.

आणखी एक गोष्ट विचार करण्यासारखी आहे. रुनस्केपमधील देवघेव न करण्याचा नियम आधी खेळाडूंनी आपल्या मनाने पाळला. 2014 साली तो कंपनीने खेळातच घातला. आता त्या प्रकारात खेळणाऱ्याला देवघेव करताच येत नाही, आणि त्याच्या नावाशेजारी खूणही दिसते. यात वाईट काही नाही, फसवणुकीची शंका मिटली. पण कुलूप कंपनीने लावले की सचोटीचे काम कुलूप करते. आमच्या मुलाच्या नझलॉकला कुलूप नाही. यंत्राला त्याचा नियम ठाऊकसुद्धा नाही. तो नियम फक्त त्याच्या सद्सद्विवेकबुद्धीत राहतो. म्हणूनच तो मोडल्याचे दुःख त्याला झाले, आणि हे दुःख हे त्याच्या मनाच्या आरोग्याचे लक्षण आहे असे आम्हांला वाटते.

तरीही दोन सावधगिरीच्या गोष्टी सांगितल्या पाहिजेत. पहिली, खेळालाही माप असते. संत थॉमस अक्वायनस यांनी खेळाला तुच्छ लेखले नाही. त्यांनी संत योहानाची एक जुनी कथा दिली आहे. योहान शिष्यांबरोबर खेळताना पाहून काही लोक नाराज झाले. तेव्हा योहानाने धनुष्य घेतलेल्या एकाला बाण सोडायला सांगितले, पुन्हा पुन्हा सोडायला सांगितले आणि विचारले, असे सतत करत राहशील का? तो म्हणाला, मग धनुष्य मोडेल. मनाचेही तसेच आहे, योहान म्हणाला. पण तेच संत थॉमस सांगतात की खेळ स्थळ, काळ आणि व्यक्तीला शोभेल असा असावा. नियम जितका कडक तितका खेळ लांबतो. मोत्यासाठी पहाटे दोनपर्यंत जागणारा मुलगा गणिताच्या पेपरला डुलक्या देणार असेल, तर मोडायचा नियम कोणता हे सांगायला धर्मगुरू नको.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. 1997 सालच्या 'फॉलआउट' या खेळात आपल्या पात्राची बुद्धी किती हे खेळणारा सुरुवातीलाच ठरवतो. काहीजण मुद्दाम ती अगदी कमी ठेवतात. मग ते पात्र धड बोलू शकत नाही, लोक त्याच्याशी नीट बोलत नाहीत, कित्येक कामे त्याला कोणी देतच नाही. खेळणाऱ्याला गंमत वाटते. गंमत ओसरली की तो यंत्र बंद करतो. पण आपल्याच गल्लीत असे एखादे भावंड असते, ज्याने ही मर्यादा निवडलेली नाही आणि ज्याला यंत्र बंद करता येत नाही. ज्याच्या ताटात भाकर आहे आणि तरी जो जेवत नाही, त्याच्या उपाशी राहण्याला आपण उपवास म्हणतो. ज्याच्या ताटात काहीच नाही त्याची ती भूक आहे. हौसेने स्वीकारलेल्या मर्यादेमुळे लादलेली मर्यादा सोसणाऱ्याकडे आपले लक्ष गेले, तर त्या हौसेचे सार्थक झाले. आपण किती कणखर आहोत एवढेच कळले, तर त्यातून फक्त अभिमान वाढला.

पुढच्या रविवारी तो मुलगा पुन्हा भेटला. मित्रांना त्याने खरे सांगितले होते. ते खूप हसले म्हणे, आणि त्यांपैकी एकाने हळूच कबूल केले की त्यानेही दोनदा यंत्र बंद केले होते. तिघांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली आहे, तीही फक्त शनिवारी संध्याकाळी. आम्ही विचारले, "मग नवा मोत्या मिळाला का?" तो म्हणाला, "मिळाला फादर. पण नाव दुसरं ठेवलं. मोत्या एकच होता."

प्रिय बंधु-भगिनींनो, आपण सर्वांनीच स्वतःला काही छोटे नियम घातलेले असतात. जेवताना फोन हातात घेणार नाही, रागात मुलावर हात उगारणार नाही, शेजाऱ्याविषयी पाठीमागे बोलणार नाही. यांची नोंद कोणत्याही वहीत नसते. ते जड झाले असतील तर उघडपणे, विचार करून बदला. पण ज्या क्षणी ते टोचतात त्याच क्षणी गुपचूप यंत्र बंद करून पुन्हा चालू करू नका. खेळात ते जमते. घरात उगारलेला हात आणि बोललेला शब्द मागे नेणारे बटण अजून कोणी बनवलेले नाही.