कोब्याखाली काय पुरलंत?

मान वर करा. दोन बाथरूमच्या संकनमध्ये कोबा भरून झाला आणि खालच्या पाइपांचा एक फोटो तुमच्यापैकी कुणाकडे नाही! रील काढताना बरा मोबाइल सापडतो.

म्हणे, "सर, कोबावाला घाईत होता." तो घाईतच असणार, त्याला फुटावर पैसे मिळतात. त्याला दारात अडवणं तुमचं काम होतं.

वरच्या मजल्यावर बाथरूमचा स्लॅब फूटभर खाली का घेतात? सगळ्या लाइनी त्या खोलगट भागात बसाव्यात म्हणून. मग विटांचे तुकडे, कोबा, वर लादी. त्यानंतर पाइपापर्यंत पोचायला छिन्नी-हातोड्याशिवाय वाट नाही. आणि छिन्नी कुठे मारणार? खालच्या घरात जिथे डाग, त्याच्या बरोब्बर वर? पाणी विटांच्या भरावात साचतं, पसरतं आणि स्लॅबला भेग सापडेल तिथे उतरतं. अंदाजाने फोडलंत तर गळका जोड राहतो बाजूला आणि शाबूत वॉटरप्रूफिंगची वाट लागते.

आणि तू, "नळ सोडून बघितला, गळत नाही" म्हणणारा! त्याला टेस्ट म्हणतात? सोल्व्हंट सिमेंट नीट सुकू द्यायचं, तोंडं बंद करायची, हातपंपाने कामाच्या दाबाच्या दीडपट दाब चढवायचा आणि गेजपाशी थांबायचं. काटा उतरला की जोड शोधायचा. लादीवाला काम करत असतानाही लाइनीत दाब ठेवायचा. त्याची छिन्नी पाइपला लागली तर काटा तिथल्या तिथे सांगतो. सांडपाण्याच्या लाइनी बंद करून पाण्याने भरून ठेवायच्या.

2016 च्या रेरा कायद्याप्रमाणे ताबा दिल्यापासून 5 वर्षांत कामातला दोष दाखवला, तर बिल्डरने तो 30 दिवसांत फुकट दुरुस्त करायचा. बिल्डर कंत्राटदाराला धरेल, कंत्राटदार तुम्हाला. सहाव्या वर्षी मात्र भुर्दंड घरमालकाचा आणि खालच्या शेजाऱ्याशी भांडणही त्याचंच. घर कर्जाचं, चूक तुमची!

उरलेल्या बाथरूममध्ये भरावाखाली होता होईल तो अखंड पाइप. जोड घ्यावाच लागला तर डक्टजवळ, हात पोचेल तिथे. दाराचा बेंड बसवाल तर दार डक्टकडे उघडलं पाहिजे; कोब्यात गाडलेलं दार काय कामाचं? फोटोत मोजपट्टी हवी, दोन भिंतींपासूनचं अंतर वाचता यायला हवं. गेज मला दाखवल्याशिवाय कोबावाला आत गेला, तर डायरीवर माझी सही मिळणार नाही.

झालेल्या दोन बाथरूमना आज गेज लागेल. काटा उतरला तर कोबा तुम्ही उकरायचा, मजुरी न घेता. त्याआधी कागद घ्या. एकमेकांकडे न बघता लिहा: कुठली लाइन कुठून गेली, जोड कुठे, भिंतीपासून किती इंच. तुम्हीच टाकलेली लाइन आहे. जितके जण तितके नकाशे निघाले, तर पाच वर्षांनी येणाऱ्या प्लंबरने तिथे काय शोधायचं ते मला सांगा.