जुन्या पिकअपचा जीर्णोद्धार: मोह की विवेक?

खंडेनवमीला बेळगावच्या उद्यमबागेत लेथला आणि भट्टीला हार चढतो, तसाच तो हिंडलगा, सुळगा, उचगाव या पट्ट्यात भाजी आणि रताळी वाहणाऱ्या पिकअपलाही चढतो. गाडी नवी कोरी असो की पंचवीस वर्षांची, पूजेत फरक पडत नाही. फरक पडतो तो पूजेनंतर. चेसिसला गंज लागलेला, हौद्याचा पत्रा कुजलेला, फाळका दोरीने बांधलेला, इंजिन तेल पिणारे, अशी गाडी समोर उभी असते आणि मालकाजवळ पैसे मोजकेच असतात. भंगारवाला एक रक्कम सांगतो, नव्या गाडीचा विक्रेता हप्ते सांगतो, आणि गॅरेजचा मिस्त्री म्हणतो की थोडेथोडे करत गेलो तर उभी राहील. मिस्त्रीचे ऐकणे हा वस्तूचा मोह आहे की तिच्याविषयीचे कर्तव्य? व्यवहारातला वाटणारा हा प्रश्न मुळात धर्मचिंतनाचा आहे. माझे म्हणणे असे की बेताच्या पैशात केलेली डागडुजी हा विवेकाचा अभ्यास आहे, आणि पैसा बेताचा असणे ही त्या अभ्यासातली अडचण नसून त्याची अटच आहे.

आधी हे पाहू की आपण वाचवतो ते नेमके काय. मिलिंदपञ्ह या पाली ग्रंथात नागसेन भिक्खू ग्रीक वंशाच्या मिलिंद राजाला विचारतो की तुझा रथ म्हणजे काय: चाके, आस, की जू? यातला कोणताही एक भाग म्हणजे रथ नव्हे, आणि भागांपासून वेगळा असा रथही कुठे सापडत नाही; ते सगळे एकत्र आले की त्यांना रथ म्हणायचे, इतकेच. जुन्या पिकअपला हा विचार तंतोतंत लागू पडतो. इंजिन बोअरिंग करून आणले, गिअरबॉक्स दुसऱ्या गाडीचा बसवला, हौदा नव्याने बांधला, तर गाडी तीच राहिली का? आरटीओ चेसिस नंबरावर बोट ठेवून हो म्हणेल. कारभाराला तेवढे पुरते, पण मनाला पुरत नाही. आपल्या परंपरेने या प्रश्नाला दोन उत्तरे दिली आहेत. २०१५ साली पुरीला नवकलेवर झाले: जगन्नाथाच्या लाकडी मूर्ती नव्याने घडवल्या गेल्या आणि जुन्यांना निरोप दिला गेला. त्याच वर्षी कोल्हापुरात अंबाबाईच्या झिजलेल्या पाषाणमूर्तीवर पुरातत्त्व खात्याच्या तज्ज्ञांनी रासायनिक संवर्धन केले. तिथे जुनेच रूप जपायचे ठरले. दोन्ही ठिकाणचे भाविक आपला देव तोच मानतात. म्हणजे तेच द्रव्य टिकणे किंवा न टिकणे यावर ओळख ठरत नाही. ज्या सेवेत खंड पडत नाही, ती सेवा ओळख टिकवते. गाडीचेही तसेच आहे. तिचे तीपण जुन्या लोखंडात नाही. तिचा उपयोग आणि तिची निगा अखंड चालू राहण्यात ते आहे.

इथे पैशाचा मुद्दा येतो. वेदान्ताने साधकाच्या तयारीत पहिला मान नित्यानित्यविवेकाला दिला आहे: टिकणारे काय आणि सरणारे काय हे ओळखणे. ज्याच्याजवळ हवा तेवढा पैसा आहे तो एकदम सगळेच करून टाकतो. रंग, क्रोम, नवे सीट, नवे इंजिन. त्याला निवड करावी लागत नाही, म्हणून विवेकाची गरजही भासत नाही. बेताच्या पैशातल्या माणसाला मात्र दर महिन्याला ठरवावे लागते. चेसिसची वेल्डिंग आधी की केबिनचा रंग आधी? ब्रेकचे लायनर आणि मास्टर सिलिंडर, किंगपिन, पाट्यांचे बुश, स्टिअरिंगची ढिलाई ही कामे कुणाला दिसत नाहीत, पण माणसाचा जीव त्यांच्यावर अवलंबून असतो. त्यांच्यानंतर इंजिन, मग पत्रा, आणि सर्वांत शेवटी रंग. सह्याद्रीकडून येणाऱ्या इथल्या पावसात गंज चेसिसच्या पोटात शिरतो. तो खरवडून न काढता वर पुट्टी आणि रंग चढवला तर गाडी सहा महिने देखणी दिसते आणि आतून सडत राहते. दिसण्याआधी असणे, शोभेआधी आधार हा क्रम ज्याने खिशाच्या सक्तीने का होईना पाळला, त्याने एका तत्त्वाचे आचरण केले. सक्तीने केलेल्या आचरणाला पुण्य कसले, असे कुणी म्हणेल. पण सक्ती फक्त निवड करायला लावते; योग्य निवड ती करून देत नाही. त्याच तोकड्या पैशात रंग मारून गाडी विकणारेही असतात.

जपणुकीला लायक काय, याबद्दल समाजाचा निवाडाही तपासायला हवा. केंद्र सरकारने २०२१ साली व्हिंटेज वाहनांसाठी नियम केले. वय ५० वर्षांहून जास्त, वापर बिगर-व्यावसायिक, मूळ रूप कायम आणि मोठी फेरबांधणी झालेली नाही, अशा दुचाकी आणि मोटारींना वेगळी नोंदणी मिळते. मालवाहू गाडी त्यात बसत नाही. हौशी माणसाच्या गाडीला वारसा म्हणून मान आहे. मात्र ज्या गाडीने बाजार चालवला आणि त्या कष्टात जिचे भाग पुन्हा पुन्हा बदलावे लागले, तिला तो नाही. वास्तविक या भागाचा गेल्या अर्धशतकाचा इतिहास अशाच गाड्यांनी ओढला. आकुर्डीला १९६९ पासून बनू लागलेली मॅटाडोर, १९८८ची टाटामोबाईल, जीपच्या घडणीवर बेतलेल्या महिंद्राच्या पिकअप यांच्यामुळे लहान शेतकरी आणि लहान व्यापारी शहराच्या बाजाराशी जोडला गेला. बाराव्या शतकात बसवण्णांनी आणि त्यांच्याबरोबरच्या शरणांनी कायकाला, म्हणजे प्रामाणिक श्रमाला, पूजेची योग्यता दिली. गोरोबांची माती आणि सावतोबांचा मळा वारकरी परंपरेने भक्तीबाहेर ठेवला नाही. श्रमाला जर ही योग्यता असेल, तर श्रमाच्या साधनाचा जीर्णोद्धार देवळाच्या जीर्णोद्धाराहून हलका कसा ठरेल?

पहिला गंभीर आक्षेप गीतेतूनच येतो. दुसऱ्या अध्यायात जीर्ण वस्त्रे टाकून नवी घेण्याचा दृष्टान्त आहे. आत्मा देहालाही असाच सोडून जातो, तर लोखंडाला कवटाळून बसण्यात शहाणपण कोणते? आणि बेळगावात तर हे अधिकच पटते, कारण इथल्या फाउंड्रीत भंगार वितळते आणि त्यातून नवे ओतकाम निघते. भट्टी हा लोखंडाचा पुनर्जन्मच नाही का? आक्षेप मोलाचा आहे, पण त्यात ‘जीर्ण’ कधी म्हणायचे हे गृहीत धरले आहे. मराठी घरात जुने लुगडे थेट टाकले जात नाही, त्याची गोधडी होते. गोधडीही विरली की मगच ते संपते. वस्तूतली कार्यशक्ती शिल्लक असताना तिला जीर्ण ठरवणे ही अनासक्ती नव्हे. तो नव्याचा मोह आहे, आणि बहुतेक वेळा कर्जाचाही. भट्टीत धातू वाचतो. पण तो वितळवायला पुन्हा ऊर्जा लागते, आणि कुणीतरी घडवलेला आकार तिथे नाहीसा होतो. भट्टी हा शेवटचा संस्कार आहे, आणि त्याची वेळ आधी ओढून आणू नये.

दुसरा आक्षेप याहून कठीण आहे, आणि तो मला बराचसा मान्य आहे. जुने डिझेल इंजिन धूर ओकते. १ एप्रिल २०२० पासून विकल्या जाणाऱ्या बीएस-सहा गाड्यांशी त्याची बरोबरी होणार नाही. माझ्या जपणुकीची किंमत शेजारच्या मुलाच्या फुप्फुसांनी का द्यावी? अहिंसा फक्त हेतूत असून चालत नाही, ती परिणामातही दिसावी लागते. म्हणून डागडुजीच्या धर्माला मर्यादा घालावी लागते. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस प्रमाणपत्र घ्यावे लागते; ही तपासणी एजंटामार्फत उरकायची कटकट न मानता आपल्या कामाची परीक्षा मानली पाहिजे. इंजेक्टर आणि पंप दुरुस्त करून, रिंगा बदलूनही धूर आटोक्यात येत नसेल, तर त्या गाडीने रस्ता सोडावा. रोज शहरात शंभर किलोमीटर धावणारी जुनी गाडी आणि आठवड्यातून दोनदा शेतातून बाजारापर्यंत जाणारी जुनी गाडी यांचा दोष सारखा नाही, हेही खरे. पण कमी दोष म्हणजे निर्दोषपण नव्हे, आणि जुन्यावर प्रेम करणाऱ्याने हा हिशेब स्वतःहून मांडावा.

तिसरा आक्षेप असा की निर्जीव वस्तूवर इतका जीव लावणे म्हणजे माणसांचा वाटा तिला देणे. हे खरे ठरते ते गाडी नुसती मिरवण्यासाठी असते तेव्हा. कमी पैशातल्या कामाला मात्र माणसांवाचून गतीच नाही. जो बुश बाजारात मिळत नाही तो लेथवर करून देणारा टर्नर, कुजलेला पत्रा कापून त्याच गोलाईचा नवा बसवणारा पत्रेवाला, आवाजावरून बेअरिंग ओळखणारा मिस्त्री यांच्याकडे पुन्हा पुन्हा जावे लागते. त्यांचे ज्ञान कुठल्या पुस्तकात नाही. जुन्या गाड्या येत राहिल्या तरच ते हाताखालच्या पोरापर्यंत पोचते. नव्या गाडीत अख्खा भाग बदलला जातो आणि पैसा दूरच्या कारखान्याकडे जातो. डागडुजीत त्यातला मोठा वाटा गावातल्या हाताला मजुरी म्हणून मिळतो. म्हणून जुनी पिकअप उभी करू पाहणाऱ्याने स्वतःला तीन गोष्टी विचाराव्यात: तिच्यात काम करण्याची शक्ती अजून आहे का, तिच्यामुळे दुसऱ्याला इजा होत नाही ना, आणि चेसिसच दुरुस्तीपलीकडे गेली तर चालते भाग दुसऱ्या गाडीला देऊन उरलेले भट्टीकडे पाठवण्याची आपली तयारी आहे का? तिन्हींची उत्तरे प्रामाणिकपणे देता आली, तर तोकड्या पैशातला तो जीर्णोद्धार मोहाच्या खात्यात जात नाही. आणि तिसऱ्या प्रश्नाला ‘नाही’ म्हणावेसे वाटले, तर पहिली दोन उत्तरेही पुन्हा तपासावीत, कारण ती बहुधा मोहानेच दिलेली असतात.