यंडुगुंडू

वणीपासून तेलंगणाची हद्द लांब नाही. बाजारात कुणी तेलुगूत भाव करू लागलं की आमच्यातला एखादा म्हणतोच, "काय यंडुगुंडू लावून राहिला बे!" मीही हसतो.

व्युत्पत्तीचा मला जुना नाद. पगार, तुरुंग, खाणीवरच्या माणसाच्या डोक्यावरचं घमेलं हे सगळे पोर्तुगीज शब्द, असं मी चारचौघांत ऐटीत सांगतो. परक्यांचं बोलणं ग्रीकांना नुसतं 'बरबर' वाटलं, म्हणून ते 'बार्बारोस'. रशियनांनी जर्मनांना दिलेल्या नावाचं नातं 'मुक्या'शी. संस्कृतातल्या 'म्लेच्छ'चा रोखही अस्पष्ट बोलण्यावरच. एवढं पाठ असून 'यंडुगुंडू' त्याच रांगेतला, हे स्वतःशी कबूल करायला जिवावर येतं.

राग मात्र लगेच येतो. पुण्यात कुणी माझ्या 'करून राहिलो'ला हसलं की मी वऱ्हाडीचा वकील होतो. इंग्रजांनी वणीचं 'वून' केलं, 1905 पर्यंत अख्खा जिल्हा त्याच नावानं चालला; त्यावरून त्यांना आजही नावं ठेवतो.

आमच्या भागातल्या कोलाम आदिवासींच्या बाबतीत तर थट्टाही नाही, नुसतं दुर्लक्ष. पोडावरच्या, म्हणजे त्यांच्या वस्तीवरच्या, बाया बाजारात आपसात बोलतात ती कोलामी, तेलुगू-गोंडीसारखीच द्राविडी. भाव सांगताना त्या मराठीवर येतात आणि आपल्याला त्यात काही वावगं वाटत नाही. वर्धेकडच्या कोलामीचं व्याकरण मरे एमेनो यांनी 1955 मध्ये छापलं, तेही कॅलिफोर्नियात. कोलामीत पाण्याला 'ईर' म्हणतात, तमिळमध्ये 'नीर'. आणि आपलं संस्कृत 'नीर'सुद्धा मुळात द्राविडीच, असं बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे. संस्कृतचा अभिमान आमच्या गावाला फार, आणि त्याला कारणही आहे: लोकनायक बापूजी अणे इथलेच, त्यांच्या 'श्रीतिलकयशोऽर्णवः' या संस्कृत काव्याला 1973 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्या अभिमानाच्या तांब्यातलं पाणी कदाचित पोडावरच्याच विहिरीचं असावं, ही शंका मला कधी शिवली नव्हती. 'ईर' मला भेटला तोही पुस्तकातून. शेजारी विचारायला मला कमीपणा वाटत होता. वेळ नव्हता, ही सबब खोटी आहे.

मारेगाव, झरीकडचे पोड वणीहून जवळ आहेत. वणीकरांनो, भाजीचा भाव विचारता तसं एकदा त्या भाजीचं कोलामी नावही विचारा.