साचा आणि हात

तंजावर म्हटले की मराठी वाचकाला प्रथम सरस्वती महाल आठवतो. 1676 च्या सुमारास व्यंकोजीराजांनी तेथे भोसल्यांचे राज्य स्थापिले आणि 1798 ते 1832 या काळात दुसऱ्या सरफोजीराजांनी तेथील ग्रंथसंग्रहाला त्याचे थोरपण दिले. संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी हस्तलिखिते, मोडी कागदपत्रे आणि युरोपीय ग्रंथ यांचा हा संग्रह 1918 मध्ये सर्वांसाठी खुला झाला. ग्रंथालयात आपण ग्रंथ पाहतो. ज्या फळीवर ते उभे असतात ती फळी सहसा पाहत नाही. आणि कपाटाच्या उभ्या बाजूत, लाकडाच्या रेषांना आडवी अशी जी खाच घेतलेली असते, जिच्यात फळीचे टोक बसते, तिचा विचार तर कोणीच करीत नाही. तरीही ग्रंथांचा भार शेवटी तीच पेलते.

तंजावरच्याच एका गल्लीत अशा खाचा घेणारे बापलेक मला भेटले आणि एक प्रश्न माझ्या मागे लागला. बाप गुण्या लावून रेघ ओढी, करवतीने तिच्या दोन्ही कडा कापी आणि पटाशीने मधले लाकूड काढी. मुलाने मात्र एक साचा केला होता. एका आडव्या पट्टीला काटकोनात जोडलेल्या दोन समांतर पट्ट्या, एवढेच त्याचे रूप. त्या दोन पट्ट्यांमधले अंतर तो मोजपट्टीने ठरवीत नसे. जी फळी बसवायची तिचाच तुकडा मध्ये धरून पट्ट्या आवळायच्या, म्हणजे फळीच फळीचे माप देते. मग विजेवर चालणारा राउटर त्या पट्ट्यांना टेकवून न्यायचा. मिनिटाला वीस हजारांच्या आसपास फेरे घेणारे पाते दोनतीन हातांत फळीच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्शाइतके खोल जाते. पहिली खाच जशी, तशीच चाळिसावी. फळी हाताच्या दाबाने आत गेली, ना सैल ना घट्ट. बापाने ती निरखून पाहिली आणि दुभाष्याकरवी मला एवढेच सांगितले, ‘‘खाच नेमकी आली आहे. पण ती आणली कोणी?’’

हा प्रश्न एका म्हाताऱ्या कारागिराची कुरकुर म्हणून सोडून देण्यासारखा नाही. जेथे चूक होण्याची शक्यताच नाही, तेथे अचूकपणाचे श्रेय कोणाचे? डेव्हिड पाय या इंग्रज कारागीर-विचारवंताने 1968 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात जोखमीची कारागिरी आणि निश्चितीची कारागिरी असा भेद केला आहे. पहिलीत प्रत्येक क्षणी काम बिघडू शकते. दुसरीत फळ आधीच ठरलेले असते. हा भेद स्वीकारला तर बापाचे काम पहिल्या जातीचे आणि मुलाचे दुसऱ्या जातीकडे झुकणारे ठरते. नीतीच्या भाषेत बोलायचे तर, ज्याला घसरता येत नाही त्याच्या सावरण्याला आपण गुण म्हणावे काय?

याचे उत्तर मला त्याच गावातल्या दुसऱ्या एका लाकूडकामात सापडले. तंजावरची वीणा फणसाच्या लाकडाची असते. तिच्या दांडीवर मेण आणि कोळशाची पूड यांच्या थरात 24 पडदे बसवितात. एके काळी रागानुसार पडदे सरकविण्याची रीत होती. पडदे कायमचे बसवून एकाच वीणेवर सर्व राग वाजविण्याची सोय झाली ती 17 व्या शतकाच्या पूर्वार्धात, रघुनाथ नायक आणि त्याचा मंत्री गोविंद दीक्षित यांच्या काळी, असे परंपरा मानते. विचार केला तर हे स्थिर पडदेही स्वराचा साचाच आहेत. बोट पडद्यावर पडले की स्वर आपल्या जागी येतो. मग वादकाचे कौशल्य संपले काय? तसे झाले नाही. ते पडद्याच्या पलीकडे, तार आडवी खेचून काढलेल्या गमकांत गेले. आणि दुसरीकडे, पडदे बसविणाऱ्याच्या कानात गेले. मऊ मेणात पडदा केसभर इकडेतिकडे करीत तो जे ऐकतो, त्यावर वादकाचा पुढचा सारा विश्वास उभा असतो.

म्हणजे साचा जोखीम नाहीशी करीत नाही. तिची जागा बदलतो. पटाशी घसरली तर एक खाच बिघडते. साच्याचा काटकोन किंचित चुकला तर चाळीसही खाचा तितक्याच चुकतात आणि त्याही सारख्या चुकल्यामुळे चूक नजरेस येत नाही. हाताची चूक स्वतःला उघड करते, साच्याची चूक नियमाचा वेष घेते. समाजाच्या रूढींविषयी, पाठ्यक्रमांविषयी, कायद्यांविषयीही हेच म्हणता येईल. म्हणून साचा करणाऱ्यावर एकेक खाच घेणाऱ्यापेक्षा अधिक मोठी नैतिक जबाबदारी येते.

तरीही बापाची खंत खरी आहे. लाकडाची रेषा कोठे उलटते, गाठ कोठे लपली आहे, हे पटाशीला कळते आणि पटाशीकडून हाताला. राउटर हे अंतर न जाणता कापत जातो. जो केवळ साच्याने शिकला त्याला साचा चुकल्याचे कळावे कशावरून? हा तोटा कोणत्याही सोयीने भरून निघत नाही, आणि तो मान्य केल्यावाचून साच्याची बाजू घेणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते.

निघताना मी एक दृश्य पाहिले. मुलगा नवा साचा जोडीत होता. बापाने आपला जुना गुण्या त्याला दिला, पण देण्यापूर्वी तो तपासला. फळीच्या सरळ कडेला गुण्या टेकवून त्याने एक रेघ ओढली, मग गुण्या उलटा करून त्याच ठिकाणी दुसरी रेघ ओढली. गुण्यात दोष असता तर दोन्ही रेघा फाकल्या असत्या आणि दोष दुप्पट होऊन दिसला असता. रेघा एकमेकींवर पडल्या. मगच साच्याचे खिळे ठोकले गेले.

आपल्या मापाला उलटे धरून पाहण्याची ही सवय साच्यात घालता येत नाही. ती हातानेच हाताला द्यावी लागते. बापाच्या प्रश्नाचे उत्तर बहुधा त्या दोन रेघांतच होते. त्याने ते शब्दांत मागितले नाही आणि मुलानेही दिले नाही.