बांधावरची माती

अळणावरला हुबळी-लोंढा लोहमार्गातून दांडेलीचा फाटा फुटतो. तिथून पश्चिमेला निघालं की जंगल लागतं आणि पाऊस वाढत जातो. पूर्वेला धारवाडकडे वळलं की पाऊस कमी होतो आणि जमीन काळी होत जाते. या दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात एक शेतकरी राहत होता. त्याची तीन एकर जमीन होती. पावसाच्या तोंडावर कुरीनं भात पेरायचं, भात निघालं की उरल्या ओलीवर हरभरा टाकायचा आणि एका तुकड्यात ऊस लावायचा. वडिलांनी हेच केलं होतं, तोही हेच करीत होता.

त्याच्या शेताला लागून एका म्हातारीचं शेत होतं. दोन्ही शेतांच्या मध्ये बांध होता. वडिलांच्या काळी तो चार हात रुंद होता. सुगीत त्यावरून बैलगाडी जायची. बांधावर करंजाचं झाड होतं, गुडघाभर गवत असायचं, आणि त्या गवतावर म्हातारीच्या गाई चरायच्या.

वडील गेले. पहिल्या वर्षी नांगरणीच्या वेळी शेतकऱ्यानं बैल जरा बाहेरच्या अंगानं वळवले. बांधाची वीतभर माती शेतात आली. म्हातारी म्हणाली, "बांध आहे तो, बाबा."

"बैल वढाळ आहेत, अज्जी," शेतकरी म्हणाला.

दुसऱ्या वर्षी पुन्हा एक वीत गेली. पुढे बैल विकले आणि भाड्याचा ट्रॅक्टर आला. आता शेतकरी म्हणू लागला, "ड्रायव्हर नवा आहे, अज्जी." त्यानंतर म्हातारी काही बोलली नाही. बांध कोरणारा माणूस वर्षातून एकदाच कोरतो. त्यामुळे त्याला चोर म्हणायची सवय कुणालाच लागत नाही, त्याला स्वतःला तर नाहीच.

असं करता करता चार हातांचा बांध एका हातावर आला. उरलेल्या पट्टीवर गवत वाढायचं आणि त्याचं बी शेतात पडायचं. म्हणून शेतकऱ्यानं त्यावर तणनाशक मारलं. पट्टी उघडी पडली. फक्त करंजाच्या बुडाशी, म्हातारीच्या अंगाला, तेवढं गवत उरलं. तिनं तिथे पंप येऊ दिला नव्हता.

बैल गेले तसं शेणही गेलं. ते कमी पडलं तेव्हा शेतकऱ्यानं युरिया वाढवला. आधी एकराला एक पिशवी टाकायचा, मग दोन टाकू लागला. भात हिरवंगार व्हायचं. पाहणाऱ्याला वाटायचं, काय पीक आहे! पण नत्र जास्त झालेलं भात मऊ असतं. त्याच्यावर तुडतुडे येतात आणि वाऱ्यापावसात ते लोळतं. ऊस तुटला की शेतकरी पाचट पेटवून द्यायचा. एका दुपारीत रान मोकळं व्हायचं. माती मात्र वर्षागणिक टणक होत गेली. नांगराच्या तासात गांडूळ दिसेना, आणि ते दिसत नाही हे त्याच्या ध्यानातही आलं नाही.

एका वर्षी ऐन पावसात युरिया आलाच नाही. शेतकरी पहाटेपासून सोसायटीच्या दारात रांगेत उभा राहिला. दुपारी पाटी लागली: साठा संपला. तो हात हलवत परत निघाला. वाटेत म्हातारीचं भात दिसलं. फार गर्द नव्हतं, पण उभं होतं आणि एकसारखं होतं. तिला विचारावं असं त्याला वाटलं. पण ज्याचा बांध कोरला त्याच्या दारात जायला पाय उचलत नाही. तो स्टेशनाबाहेरच्या टपरीवर जाऊन बसला.

तिथे एक म्हातारा गँगमन चहा पीत होता. रेल्वेतून निवृत्त होऊन तो घरची शेती बघत होता. अमरावती जिल्ह्यातल्या बेलोऱ्याचे सुभाष पाळेकर, ज्यांना २०१६ साली पद्मश्री मिळाली, त्यांच्या एका शिबिराला तो जाऊन आला होता. कर्नाटकात शेतकरी संघटनेच्या माणसांनी अशी शिबिरं बरीच भरवली होती. शेतकऱ्याचं गाऱ्हाणं ऐकून गँगमन म्हणाला, "पिशवी नाही तर जीवामृत कर की. अवघड काही नाही. दोनशे लिटर पाणी घे. त्यात देशी गाईचं ताजं शेण दहा किलो, गोमूत्र पाच ते दहा लिटर, गूळ दोन किलो, कुठल्याही डाळीचं पीठ दोन किलो आणि बांधावरची मूठभर माती. सावलीत ठेव, वर गोणपाट टाक, काठीनं सकाळ-संध्याकाळ ढवळ. दोन दिवसांनी एका एकराला पाण्याबरोबर सोड. शिळं करू नकोस, आठवड्याच्या आत संपव."

"एवढंच?"

"एवढंच. माती मात्र खत-औषध न पडलेली बघ."

शेतकरी उठला. संध्याकाळपर्यंत त्यानं निळा ड्रम आणला. गूळ आणला, हरभऱ्याचं पीठ आणलं. शेण आणि गोमूत्र एका गुराख्याकडून पैसे देऊन आणलं. सगळं पडवीत मांडलं. मग हातात खुरपं घेऊन माती आणायला बांधावर गेला.

बांध पांढरा पडला होता. तणनाशक त्यानंच मारलं होतं. तो शेतात शिरला, पण तिथे दरवर्षी युरिया पडत होता. रुळाच्या कडेला गेला, तर गँगमननं लांबूनच हात हलवला. रुळाच्या कडेचं गवत औषधानंच मारतात हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? जंगलाकडे निघाला, तेव्हा गँगमन म्हणाला, "तिथली माती चांगली, पण ती तिथल्या झाडांची. तुझ्या भाताला तुझ्या रानाशेजारची दे."

पैसे टाकून एका संध्याकाळपर्यंत चार जिनसा मिळाल्या होत्या. फुकटची पाचवी गावभर हिंडून मिळेना.

शेवटी त्याला करंजाचं बूड आठवलं.

रात्री तो निघाला. बॅटरी लावली नाही. करंजाखाली वाकला, गवत बाजूला केलं आणि बोटं मातीत घातली. माती मऊ होती. तेवढ्यात पाठीमागून उजेड पडला. म्हातारी कंदील घेऊन उभी होती.

"कोण ते? तूच होय? काय नेतोस गा?"

"मूठभर माती, अज्जी. जीवामृताला पाहिजे."

म्हातारी थोडा वेळ त्याच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "इतकी वर्षं हातहात माती नेलीस, ती दिवसाउजेडी नेलीस. आज मूठभर न्यायला रात्री कशाला आलास?"

शेतकऱ्याला बोलता येईना. म्हातारीनं कंदील खाली ठेवला, स्वतः वाकली आणि करंजाच्या बुडाची माती काढून त्याच्या हातात दिली. मूठ गच्च भरून दिली. "जा," म्हणाली, "शेण शिळं होईल."

दोन दिवस त्यानं ड्रम ढवळला. तिसऱ्या दिवशी जीवामृत सोडलं आणि रोज सकाळी जाऊन भात बघू लागला. भात होतं तसंच राहिलं. पंधरा दिवसांनी तो पुन्हा म्हातारीकडे आला. या वेळी दिवसा आला.

"अज्जी, काहीच झालं नाही. मातीत काही कमी होतं का?"

म्हातारी हसली. "ड्रम म्हणजे विरजण, बाबा. तू दूध कुठं ठेवलं होतंस?"

तिचं म्हणणं खरं होतं. युरियाच्या ४५ किलोच्या पिशवीत वीस किलोंहून जास्त नत्र असतं. जीवामृताच्या अख्ख्या ड्रमात अर्धा किलोही नसतं. ड्रमात असतात ते जिवाणू. गूळ आणि पीठ खाऊन ते दोन दिवसांत वाढतात. पण शेतात गेल्यावर त्यांना कुजवायला काहीतरी लागतं. पाचट लागतं, पालापाचोळा लागतो, शेणखत लागतं. शेतकऱ्यानं तर पाचट जाळलं होतं आणि गोठा मोडला होता. ड्रम एकटा शेत पिकवतो असं सांगणारेही भेटतात. त्यांनी म्हातारीचं परसू बघायला हवं होतं.

तिनं शेतकऱ्याला मागच्या अंगाला नेलं. तिथे विटांचा हौद होता, दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच. भिंतींत मुद्दाम भोकं ठेवली होती, हवा खेळावी म्हणून. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदच्या नारायण देवराव पांढरीपांडे यांनी हा हौद काढला. त्यांच्याच नावाच्या अक्षरांवरून त्याला नाडेप म्हणतात. त्याची खुबी अशी की शेण थोडं लागतं. काडीकचऱ्याचा थर द्यायचा, त्यावर शेणाचं पाणी शिंपडायचं, त्यावर चाळलेली माती पसरायची, आणि असे थर वरपर्यंत चढवायचे. मग शेणमातीनं लिंपून टाकायचं आणि ओल राखायची. शंभर किलोच्या आसपास शेणात तीन-चार महिन्यांनी तीन टनांपर्यंत खत निघतं. म्हातारीच्या गाई दोन, त्याही मलनाड गिड्डा जातीच्या, कमरेएवढ्या उंचीच्या. त्यांचं शेण ते किती? पण हौद भरत होता.

"काडीकचरा कुठून आणतेस, अज्जी?"

"बांधावरून," म्हातारी म्हणाली. "करंजाचा पाला आणि गवत. तुझ्या वाटचा बांधही होता तेव्हा हौद दोनदा भरायचा."

शेतकरी खाली बघत राहिला. मग म्हणाला, "मी हौद बांधतो. पाचटही जाळत नाही. माती तेवढी तू देत जा."

"देईन की. पण दर ड्रमाला मूठ लागते. दर पंधरा दिवसांनी माझ्या दारात येणार काय?" म्हातारी म्हणाली. "बाकी सगळं विकत मिळतं, बाबा. राखलेलं तेवढं विकत मिळत नाही. ते आपलं आपणच राखावं लागतं."

त्या वर्षी भात दोन पोती कमीच झालं. शेतकऱ्यानं ते कुणाला सांगितलं नाही. हौदाला विटा आणल्या आणि ऊस तुटल्यावर पाचट सरीत पसरून ठेवलं.

हरभरा निघाल्यावर नांगरणीचा ट्रॅक्टर आला. शेतकरी दोरी घेऊन बांधावर उभा होता. त्यानं करंजापासून चार हात मोजले. त्यातले दोन म्हातारीच्या बाजूचे सोडले, दोन आपल्या बाजूचे सोडले आणि तिथे खुंट्या ठोकल्या.

ड्रायव्हर खाली उतरला. खुंट्या बघून म्हणाला, "मालक, एवढी जमीन पडीक कशाला ठेवताय? दरवर्षी तर तुम्हीच म्हणता, अजून जरा आत घे."

"तुला पैसे तासावर मिळतात ना?"

"व्हय."

"मग तेवढे माझे पैसे वाचले. खुंटीच्या आतनं वळव."