शकुंतलेचा धर्म

ऑस्ट्रेलियातील बॅलरॅट येथे १८५१ साली सोने सापडले आणि तेथे शहर वसले. १९१२ साली टायटॅनिक बुडत असताना वाद्ये वाजवीत राहिलेल्या आठ वादकांच्या स्मरणार्थ त्या शहराने १९१५ साली एक बँडस्टँड उभारला. सोन्याचे दिवस सरले, बँडस्टँड राहिला. तो जपण्यात कुणाची अडचण होत नाही.

आमच्या वऱ्हाडातले सोने पांढरे. १८६१ ते १८६५ या अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात इंग्लंडच्या गिरण्यांना कापूस मिळेना, तेव्हा वऱ्हाडच्या कापसाला अपूर्व भाव आला. पुढे हाच कापूस वाहण्यासाठी एका विलायती कंपनीने मूर्तिजापूरहून अचलपूर आणि यवतमाळकडे अरुंद रूळ टाकले. कापूस मँचेस्टरकडे गेला. १९२१ साली मँचेस्टरला घडलेले इंजिन इकडे आले. गाडी आमच्यासाठी नव्हती, हे उघड आहे. पण बाजाराला, माहेराला, दवाखान्याला निघालेली माणसे स्वस्त तिकिटात तिच्यात बसली आणि तिला शकुंतला म्हणू लागली. मालकी कागदावर राहिली. गाडी वापराने लोकांची झाली.

१९९४ साली वाफेचे इंजिन जाऊन डिझेलचे आले. पुढे गाडीच थांबली. आता कुणी म्हणतात, हा वारसा आहे तसाच जपा. कुणी म्हणतात, रूळ उखडून रुंद टाका.

पहिल्या मागणीत प्रेम आहे, पण त्या प्रेमाची किंमत कोण देणार? गाडी संथच चालावी असे म्हणणारा बहुधा तिच्यातून रोज जाणारा नसतो. दुसऱ्याच्या गैरसोयीवर पोसलेल्या हळवेपणाला जतन म्हणता येत नाही. मात्र उद्याच्या गाडीचे आश्वासन देऊन आजची गाडी काढून घेणे, हाही न्याय नव्हे.

बँडस्टँडचा धर्म उभे राहण्याचा, गाडीचा चालण्याचा. जुने इंजिन अवश्य जपावे. परंतु शकुंतलेचा वारसा त्या लोखंडात नाही. दर्यापूर-अंजनगावच्या एखाद्या म्हातारीला पदरच्या चार पैशांत अचलपूर गाठता यावे, हा तो वारसा. रूळ रुंद झाले आणि तिकीट तिच्या आवाक्याबाहेर गेले, तर गाडी धावत असूनही शकुंतला थांबलेलीच असेल.